क्रीडागुरूंचा गौरव : द्रोण आणि कृप

भारत सरकारनें खेळाडूंच्या गौरवासाठीं अर्जुन पुरस्कार इ. स. १९६१ मध्यें सुरू केला. खेळ शिकविणाऱ्यांच्या गौरवासाठीं द्रोणाचार्य पुरस्कार इ. स. १९८५ मध्यें निघाला. शिष्याच्या गळ्यांत माळ पडल्यानंतर गुरूच्या गळ्यांत ती पडावयास चोवीस वर्षें लागलीं. हा हिशेब आरंभींच मांडण्याचें कारण असें कीं, ज्यांनीं मुलांस मैदानावर उभें केलें त्यांच्या सेवेची दखल आपल्याकडे कोणत्या नांवानें, कोणत्या मापानें व कोणत्या कागदाच्या आधारें घेतली जाते, हाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. सनदा, महजर व शिलालेख यांस सरावलेल्या वाचकांस हॉकी-कुस्तीच्या शिक्षकांचा विषय येथें अस्थानीं वाटण्याचा संभव आहे. परंतु पुरस्कार म्हणजे एक प्रकारचें इनामच होय; आणि इनाम म्हटलें कीं तें कोणास, कोणत्या सेवेबद्दल व कोणत्या पुराव्यावर दिलें, हे प्रश्न संशोधकास चुकत नाहींत.

प्रथम नांवाचा विचार करूं. एरंडोलकरांस द्रोणाचें नांव परकें नाहीं. आमचें गांव म्हणजे महाभारतांतील एकचक्रा नगरी, अशी येथील स्थलपरंपरा आहे. बकासुराचा वध याच परिसरांत झाला असें लोक मानतात, आणि जवळच्या पद्मालयाशींहि ती कथा जोडलेली आहे. एकचक्रेवर हक्क सांगणारीं गांवें देशांत दुसरींहि आहेत. बंगाल्यांत बीरभूम जिल्ह्यांत तर त्याच नांवाचें गांव आहे. म्हणून स्थलपरंपरेस आम्ही पुरावा म्हणत नाहीं. मात्र एकचक्रेच्या प्रकरणांत जें सांगितलें आहे तें ग्रंथांत आहे, आणि तें बहुतेकांच्या लक्षांत राहत नाहीं. बकवधानंतर पांडव त्या नगरींत ब्राह्मणाच्या घरींच राहत असतां एक फिरस्ता ब्राह्मण तेथें उतरतो, आणि देशोदेशींच्या वार्ता सांगतां सांगतां द्रोणाची हकीकत सांगूं लागतो. ज्यांनीं द्रोणाच्या पायाशीं बसून विद्या घेतली, ते पांचहि भाऊ वेष पालटून आपल्याच गुरूचें चरित्र एका परक्याच्या तोंडून ऐकत आहेत, असा हा प्रसंग आहे.

त्या चरित्रांत परशुरामापासून मिळालेलीं अस्त्रें आहेत, द्रुपदानें नाकारलेली मैत्री आहे, आणि शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून मागितलेला द्रुपदाचा पराभवहि आहे. परंतु कथेचा शेवट आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. अपमानित द्रुपदानें यज्ञ करून द्रोणाचा वध करणारा पुत्र मिळविला, तो धृष्टद्युम्न. हें ठाऊक असतांहि द्रोणानें त्याला आपल्या घरीं आणून अस्त्रविद्या शिकविली. दैव टळत नाहीं हें त्यास कळत होतें, आणि आपल्या कीर्तीस बट्टा लागूं नये ही त्याची इच्छा होती. आपल्या मरणास जो कारण व्हावयाचा त्याला शिकविणारा गुरु दुसऱ्या कोणत्या पुराणांत आहे?

याच द्रोणानें एकलव्याचा आंगठा मागितला, हेंहि तितकेंच खरें. खानदेशांतील भिल्ल समाज एकलव्यास आपला पूर्वज मानतो. ग्रंथ त्यास निषादराज हिरण्यधनूचा पुत्र म्हणतो, आणि निषाद व भिल्ल एकच होत असें विधान कोठें करीत नाहीं; परंतु ज्या मुलखांत धनुष्यबाण कालपरवांपर्यंत घरोघर होता, तेथील लोकांनीं त्या मुलाचा कैवार घ्यावा यांत नवल काय? द्रोणाच्या नांवानें गौरव करावयाचा तर हीं दोन्ही पानें त्या नांवास चिकटलेलीं राहणार. आमचें म्हणणें एवढेंच कीं, एकलव्याचें पान सर्वांस पाठ आहे आणि धृष्टद्युम्नाचें पान कोणी उघडीत नाहीं.

द्रोणाचा हस्तिनापुरांतील पहिला प्रसंग तर खेळाच्या मैदानावरचाच आहे. राजपुत्र नगराबाहेर वीटा घेऊन खेळत असतां ती विहिरींत पडली, कोणास काढतां येईना, तेव्हां द्रोणानें इषीका नांवाच्या गवताच्या काड्या एकीस एक विंधून त्यांची माळ केली आणि वीटा वर आणली. वीटा म्हणजे चेंडू, असें पुष्कळ भाषांतरकार समजतात. परंतु महाभारताचा प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर, ज्याचें मूळ गोदातीरींच्या कोपरगांवचें, तो या शब्दाचा अर्थ जवाच्या आकाराचा वीतभर लाकडी तुकडा असा देतो व मुलें तो दांड्यानें उडवितात असें सांगतो. ही आपली विटी आणि हा आपला दांडू, हें महाराष्ट्रांतील वाचकास सांगावयास नको. तात्पर्य, काठीनें लहानशी वस्तु हाणण्याचा खेळ चालला असतांच द्रोणाची आणि त्याच्या शिष्यांची पहिली भेट झाली. हॉकीच्या शिक्षकांस त्याच्या नांवाचें पदक देणारांनीं हा संदर्भ पाहिला असेल असें वाटत नाहीं. पण योग जुळला आहे खरा.

येथें जी गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती अशी कीं, द्रोण आला तेव्हां हे राजपुत्र अशिक्षित नव्हते. शरद्वताचा पुत्र कृप, ज्यास शंतनूनें दयेनें वाढविलें, तो त्यांस आधींपासूनच धनुर्वेद शिकवीत होता. कौरव, पांडव आणि वृष्णिकुळांतील कुमारहि त्याच्याजवळ शिकत, असें आदिपर्व सांगतें. भीष्मास अधिक विशेष शिक्षण हवें होतें, म्हणून पुढें द्रोण नेमला गेला. प्रचलित पाठाप्रमाणें द्रोण हस्तिनापुरांत प्रथम उतरला तोहि कृपाच्याच घरीं. कृपाची बहीण कृपी ही त्याची पत्नी. पुढें राजसभेसमोर शस्त्रकौशल्याचा जो मोठा प्रयोग झाला, त्यांत वाहवा झाली ती द्रोणाच्या शिष्यांची. त्या रंगांत कृपाचें नांव लोकांच्या लक्षांत राहिलें तें कर्णास कुळ विचारणारा म्हणून. धनुष्याची दोरी कशी ओढावी, पाय कोठें रोवावा, हें ज्यानें प्रथम शिकविलें त्याचा शिक्षक म्हणून तेथें उल्लेखहि नाहीं. युद्धांत द्रोण पंधराव्या दिवशीं पडला. कृप वांचला, आणि महाप्रस्थानास निघण्यापूर्वीं युधिष्ठिरानें लहानग्या परीक्षितास शिष्य म्हणून त्याच्याच स्वाधीन केलें. म्हणजे आजोबांच्या पिढीस ज्यानें प्रथम शिकविलें, नातवासहि त्यानेंच शिकविलें. शाळेंत चाळीस चाळीस वर्षें काढणाऱ्या मास्तरांस हा क्रम ओळखीचा वाटेल.

आपल्या क्रीडाक्षेत्रानें भारतांतील नांवें मुक्तहस्तानें घेतलीं आहेत. अर्जुन झाला, द्रोण झाला; खोखोच्या राष्ट्रीय स्पर्धांत उत्तम खेळाडूस एकलव्याच्या आणि कुमारगटांत अभिमन्यूच्या नांवानें पारितोषिक मिळतें. कृपाच्या नांवाचा पुरस्कार आमच्या पाहण्यांत नाहीं. ही केवळ नांवाची गंमत असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु गौरवाचें माप पाहिलें म्हणजे तेथेंहि हेंच दिसतें. द्रोणाचार्य पुरस्काराच्या नियमित वर्गांत मार्गदर्शकाच्या शिष्यांनीं लगतच्या चार वर्षांत आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काय मिळविलें हें मुख्यतः पाहिलें जातें. जीवनगौरवाच्या वर्गांत वीस किंवा अधिक वर्षांची सेवा लक्षांत घेतात. इ. स. २०२० पासून पहिल्याची रक्कम दहा लाख व दुसऱ्याची पंधरा लाख रुपये आहे. माप अन्याय्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सरकारास कांहीं तरी मोजतां येण्यासारखें हवेंच. परंतु बारा वर्षांच्या मुलाच्या हातांत प्रथम काठी देणारा शिक्षक आणि त्या मुलाचें आंतरराष्ट्रीय पदक, यांच्यामध्यें दहा-बारा वर्षांचें अंतर पडतें. तोंवर मूल दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या गुरूकडे, सरकारी शिबिरांत गेलेलें असतें. चार वर्षांच्या मापांत शेवटचा गुरु सांपडतो, पहिला निसटतो.

पुरस्काराच्या यादींत मराठी नांवें पहिल्यापासून आहेत. इ. स. १९८५ च्या पहिल्या तिघांत पी. टी. उषेचे गुरु ओ. एम. नंबियार व मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज यांच्या जोडीस कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. पुढच्याच वर्षीं बुद्धिबळासाठीं रघुनंदन वसंत गोखले यांचा सन्मान झाला. इ. स. १९९० मध्यें रमाकांत आचरेकर, इ. स. २०२२ मध्यें दिनेश लाड, इ. स. २०२३ मध्यें मल्लखांबाचे गणेश देवरुखकर, आणि इ. स. २०२४ च्या यादींत नेमबाजीच्या दीपाली देशपांडे. मल्लखांबाचेच उदय देशपांडे यांस इ. स. २०२४ मध्यें पद्मश्री मिळाली. यांपैकीं आचरेकर आणि लाड हे आमच्या विधानास अपवाद आहेत, हें सांगितलेंच पाहिजे. दोघेहि शाळकरी मुलांस शिकविणारे, म्हणजे कृपाच्या जातीचे. पण ते दिसले कां? तर सचिन तेंडुलकर आणि रोहित शर्मा या शिष्यांचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा माणूस देशांत नाहीं, आणि क्रिकेटपटूच्या बालपणाची कथा वर्तमानपत्रें घरपोंच करितात. हॉकीस हें भाग्य नाहीं. तरी तेथेंहि इ. स. २०२१ मध्यें सोनीपत येथें मुलींस हॉकी शिकविणाऱ्या प्रीतम सिवाच यांस हा पुरस्कार मिळाला, ही गोष्ट आम्हांस फार समाधानाची वाटली.

हॉकीचें नांव निघालें म्हणजे ध्यानचंद यांजपाशीं यावें लागतें. त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, हा राष्ट्रीय क्रीडादिन, इ. स. २००२ मध्यें त्यांच्या नांवें जीवनगौरवाचा पुरस्कार सुरू झाला. आणि देशाचा सर्वोच्च क्रीडापुरस्कार इ. स. २०२१ मध्यें त्यांच्या नांवाचा झाला. अॅम्स्टरडॅम, लॉस एंजेलिस व बर्लिन या तीन ऑलिंपिकांचीं सुवर्णपदकें मिळविणाऱ्या या पुरुषास हॉकी शिकविली कोणीं? ते इ. स. १९२२ मध्यें सोळाव्या वर्षीं दिल्लीस ब्राह्मण पलटणींत शिपाई म्हणून भरती झाले. त्या पलटणीचे सुभेदार-मेजर बाले तिवारी यांस हॉकीचा नाद होता; त्यांनीं या पोरास प्रथम खेळाचे धडे दिले. तिवारींच्या नांवाचें पदक नाहीं, पुतळा नाहीं. तरी त्यांचें नांव आज आपणांस ठाऊक आहे, कारण ध्यानचंदांनीं इ. स. १९५२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘गोल’ या आत्मचरित्रांत तें लिहून ठेविलें. एका सुभेदाराच्या संध्याकाळच्या श्रमांचा सर्व इतिहास शिष्याच्या त्या उल्लेखावर उभा आहे. तो नसता तर पलटणीच्या दफ्तरांत त्यांची नोकरी सांपडली असती, त्यांची हॉकी सांपडली नसती.

महाविद्यालयाच्या चालकानें केलेल्या सेवेचें आमच्या प्रांतांतील सर्वांत मोठें उदाहरण कुस्तीचें आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखालीं ते तयार झाले. इ. स. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत त्यांचा सहावा क्रमांक आला. इ. स. १९५२ मध्यें हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा नव्हता, तेव्हां राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या काळच्या सात हजारांचें वजन आज कोणास सहज कळणार नाहीं, परंतु गहाणखत म्हणजे काय हें आपणां सर्वांस कळतें. स्वतः खाशाबांस अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांहून अधिक काळानें. प्राचार्यांच्या कृत्यास बसेल असा पुरस्काराचा वर्गच तेव्हां नव्हता. खर्डेकर मल्लविद्या शिकविणारे नव्हते, म्हणून द्रोणाच्या मापांत ते आजहि बसणार नाहींत. त्यांच्या हातून घडलेल्या सेवेस कोणतें नांव द्यावें, हा प्रश्न आम्हीं पुष्कळ वेळ मनांत घोळविला, आणि ‘यजमान’ या जुन्या शब्दापलीकडे आम्हांस शब्द सांपडला नाहीं.

शिष्यानेंच गुरूचें नांव राखावें याचें निर्मळ उदाहरण बडोद्यास आहे. राजरत्न माणिकराव यांची कीर्ति व्यायामाचार्य म्हणून सर्वत्र होती. परंतु ज्या आखाड्यांतून ती पसरली त्यास नांव आहे तें त्यांच्या गुरूचें, जुम्मादादा व्यायाम मंदिर. गुरु मुसलमान, शिष्य हिंदु. त्यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं. बडोद्यासच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं इ. स. १९३६ ते १९४९ या काळांत ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. ज्याला उस्तादांच्या परंपरांचा शोध घ्यावयाचा आहे त्याला आजहि त्या खंडांकडे वळावें लागतें. कोशकार नसते तर किती तालमींचे वस्ताद नांवासकट मातींत गेले असते, याची कल्पनाच करवत नाहीं.

नांव देण्यांत केवढा अनर्थ होऊं शकतो याचा अनुभव महाराष्ट्रानें घेतला आहे. खेळाडूंसाठीं शिवछत्रपतींच्या नांवाचा पुरस्कार राज्य शासन देतें. त्याच्या जोडीस मार्गदर्शकांसाठीं जो पुरस्कार होता तो दादोजी कोंडदेव यांच्या नांवाचा होता. दादोजी हे शिवाजी महाराजांचे गुरु होते काय, यावर वाद माजला. शासनानें तज्ज्ञांची समिति नेमली. गुरुत्वास आधार नाहीं असा तिचा निर्णय झाला, आणि इ. स. २००८ च्या सुमारास तें नांव पुरस्कारावरून गेलें. पुढें २७ डिसेंबर २०१० रोजीं पुण्याच्या लाल महालांतील दादोजींचा पुतळाहि हलविण्यांत आला. कोंढाण्याचे सुभेदार म्हणून दादोजींचा उल्लेख समकालीन कागदांत आहे. जहागिरीचा कारभार पाहणारा आणि वतनाचे तंटे तोडणारा करडा अंमलदार म्हणून ते इतिहासांत आहेतच. त्यापलीकडचें गुरुत्व हें उत्तरकालीन वाङ्मयाच्या आधारें उभें केलेलें होतें, आणि अशा आधारावर शासकीय पुरस्काराचें नांव ठेवणें ही मूळचीच घाई झाली, असें आमचें मत आहे. परंतु खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. वाद दोन्ही बाजूंनीं सतराव्या शतकाबद्दल झाला; ज्या विसाव्या शतकांतील मार्गदर्शकांस तो पुरस्कार मिळाला होता, त्यांनीं कोणत्या गांवीं, कोणत्या मैदानावर, किती मुलांस शिकविलें, याकडे त्या गदारोळांत कोणाचें लक्ष गेलें नाहीं. नांव बदललें, त्याची हकीकत छापून राहिली. सेवेची राहिली नाहीं.

परदेशांत काय आहे तें पाहणें उपयोगाचें होईल. अमेरिकेंत महाविद्यालयांमध्यें बर्फावरील हॉकी मोठ्या इरेनें खेळली जाते. तेथील हॉकी-शिक्षकांनीं इ. स. १९४७ मध्यें आपला संघ स्थापिला, आणि इ. स. १९५१ पासून वर्षांतील उत्तम महाविद्यालयीन शिक्षकास स्पेन्सर पेनरोज यांच्या नांवाचा पुरस्कार देण्याची चाल पडली. हे पेनरोज खेळाडू नव्हते, धनिक होते. ज्या क्रीडागृहांत महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धा प्रथम झाल्या त्याशीं त्यांचें नांव निगडित आहे. आम्हीं वर ‘यजमान’ म्हटलें, तशाच कोटींतले. त्याच संघाचा दुसरा एक पुरस्कार जॉन मॅकइनेस यांच्या नांवाचा आहे. मॅकइनेस हे मिशिगन टेक या एकाच संस्थेंत इ. स. १९५६ पासून १९८२ पर्यंत हॉकी शिकवीत होते, आणि त्यांच्या नांवाचा पुरस्कार दिला जातो तो हौशी खेळाची व लहान मुलांच्या खेळाची काळजी वाहणारास. तेथें कृपासाठीं वेगळी जागा आहे, आणि ती कोणा पुराणपुरुषाच्या नांवें नसून लोकांच्या डोळ्यांदेखत सव्वीस वर्षें राबलेल्या मास्तराच्या नांवें आहे. त्यांस पुराणें नाहींत म्हणून तसें झालें, असें कोणी म्हणेल, म्हणोत.

आपल्याकडे विद्यापीठांच्या खेळासाठीं इ. स. १९५६-५७ पासून मौलाना आझाद करंडक आहे. तो विद्यापीठास मिळतो. शिकविणाराचें नांव त्यावर येत नाहीं. खानदेशांत तर शोधकापुढें आणखी एक अडचण उभी राहते. अमळनेरचें प्रताप महाविद्यालय आणि जळगांवचें मूळजी जेठा महाविद्यालय हीं दोन्ही इ. स. १९४५ मध्यें निघालीं, तेव्हां तीं मुंबई विद्यापीठाखालीं होतीं, इ. स. १९४९ नंतर तीं पुणें विद्यापीठाकडे आलीं, इ. स. १९९० मध्यें जळगांवास स्वतंत्र विद्यापीठ झालें, ज्यास इ. स. २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे. एकाच महाविद्यालयाच्या खेळाचा पत्रव्यवहार अशा रीतीनें तीन ठिकाणीं विभागला गेला. ज्यास खानदेशांतील महाविद्यालयीन खेळाचा इतिहास लिहावयाचा आहे त्यानें मुंबई, पुणें व जळगांव अशा तीनहि ठिकाणच्या दफ्तरांची वारी केल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

विद्यापीठांहून अधिक भरंवसा आम्ही शाळा-महाविद्यालयांतील सामान्य कागदांवर ठेवितों. जडसंग्रहाच्या नोंदवहींत कोणत्या सालीं किती हॉकीच्या काठ्या घेतल्या, किती मोडल्या म्हणून खारीज केल्या, याच्या नोंदी असतात. काठ्या मोडल्या म्हणजे खेळ झाला, याहून चांगला पुरावा तो कोणता? जिमखान्याच्या हिशेबवहींत संघास परगांवीं नेणाऱ्या शिक्षकाच्या सहीनें प्रवासखर्च पडलेला असतो, आणि तोच शिक्षक किती वर्षें मुलांबरोबर गेला हें त्या सह्यांवरून मोजतां येतें. वार्षिक अंकांत संघांचीं छायाचित्रें छापलेलीं असतात. त्यांत बहुधा मध्यभागीं प्राचार्य, त्यांच्या दोहों बाजूंस करंडक धरलेले विद्यार्थी, आणि अगदीं कडेस, कधीं अर्धा चेहरा चौकटीबाहेर गेलेला, खेळ शिकविणारा. खालच्या नांवांत तो कधीं असतो, कधीं नसतो. हे कागद वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या तोंडीं जात आहेत. खेळाचे म्हणून कोणी त्यांस ऐतिहासिक समजत नाहीं. एरंडोल, धरणगांव, पारोळा, अमळनेर, जळगांव, धुळें या बाजूच्या शाळांत अगर घरांत अशा नोंदवह्या, हिशेब, प्रशस्तिपत्रें किंवा छायाचित्रें ज्यांच्याजवळ असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, आणि छायाचित्राच्या कडेस उभ्या असलेल्या माणसाचें नांव ठाऊक असल्यास तें पाठीमागें पेन्सिलीनें लिहून ठेवावें. शाई फुटते.